पुराची पातळी, छतावरचं ऊन आणि आपली पंचवीस वर्षं

स्मरणिका समितीनं मला विषय दिला तो 'पर्यावरण आणि आपली सोसायटी'. मी जन्मभर भूगोल शिकवला, त्यामुळे 'सर, हे तुम्हीच लिहायचं' असं परस्पर ठरूनही गेलं. पण नुसतं 'झाडे लावा, झाडे जगवा' लिहून द्यायचं माझ्या जिवावर आलं. ते आपण सगळ्यांनी शाळेत असताना निबंधात लिहिलंय. त्यापेक्षा आपल्या गावानं पाणी, पूर आणि वीज यांच्या बाबतीत आजवर काय काय केलं, त्यातलं काय टिकलं, काय फोटोपुरतं राहिलं, आणि आपल्या सोसायटीनं त्यातून काय घेतलं, हा हिशेब मांडावा असं वाटलं. रौप्यमहोत्सव म्हणजे तरी काय, पंचवीस वर्षांचा ताळेबंदच की.

पूर बघायला जाणारं गाव

पर्यावरणाचे कार्यक्रम हल्ली सुरू झाले असं तरुण मंडळींना वाटतं. पण कोल्हापूरचा सगळ्यात जुना सार्वजनिक कार्यक्रम म्हणजे पूर बघायला जाणं. आषाढ-श्रावणात पाणी चढलं की छत्र्या घेऊन, पोराबाळांना खांद्यावर बसवून अख्खं गाव शिवाजी पुलाकडे निघायचं. पंचगंगा पात्राबाहेर पडली, घाटावरची मंदिरं बुडाली, पाणी गायकवाड वाड्यापर्यंत आलं, जामदार क्लबपर्यंत आलं. फूट-इंचांऐवजी या खुणांवर पूर मोजणारी पिढी आपल्या घराघरांत आहे. भाजलेलं कणीस खात खात आजोबा नातवाला ही खूण दाखवायचे. तेच त्याचं आपत्ती व्यवस्थापनाचं पहिलं शिक्षण होतं, फक्त आपण त्याला ते नाव दिलं नव्हतं.

आता भूगोल थोडा सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते. प्रयाग चिखलीला संगम होतो आणि तिथून नदी कोल्हापूरला वळसा घालून नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. या नद्यांचा उगम सह्याद्रीत. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या पट्ट्यात जो पाऊस पडतो तो कोल्हापुरात उभं राहून कळत नाही. आपल्याकडे ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते. संगमापुढचा प्रदेश सपाट, उतार कमी. त्यात खाली कृष्णाही भरून वाहत असली की पंचगंगेला वाट मिळत नाही, पाणी तुंबतं आणि मागं पसरतं. म्हणून आपला पूर डोंगरी नदीसारखा येऊन तासाभरात ओसरत नाही. तो येऊन बसतो.

तो मोजायचा कुठं, तर कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर. ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी. हे दोन आकडे कोल्हापूरच्या माणसाला स्वतःच्या जन्मतारखेइतके पाठ असतात. पावसाळ्यात सकाळी आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला मेसेज 'गुड मॉर्निंग'चा नसतो, 'राजाराम किती?' असा असतो.

सात दरवाजे

या गावात पाण्याचा विचार पद्धतशीर केला तो राजर्षी शाहू महाराजांनी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दुष्काळ आणि पाठोपाठ प्लेग अशी दोन संकटं संस्थानावर येऊन गेली होती. त्यातून महाराजांनी पाटबंधाऱ्याचं धोरण आखलं आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर धरण बांधायला घेतलं. धरणाजवळ वसवलेल्या गावाला कन्येच्या नावावरून राधानगरी म्हटलं, जलाशयाला महाराणींच्या नावावरून लक्ष्मी तलाव. पैशाच्या अडचणीनं काम मध्येच थांबलं. महाराज १९२२ मध्ये गेले. धरण पुरं व्हायला १९५० चं दशक उजाडलं. ज्यानं पाया घातला त्यानं कळस पाहिला नाही, पण पुढच्यांनी काम सोडलं नाही.

या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय ठरावीक पातळीला भरला की पाण्याच्याच दाबानं दरवाजा उघडतो आणि पातळी उतरली की आपोआप बंद होतो. वीज लागत नाही, बटण लागत नाही, रात्री-अपरात्री कुणाला पावसातून पळत जावं लागत नाही. एका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सुटतं. 'राधानगरीचे दोन दरवाजे उघडले' हे वाक्य ऐकलं की खालच्या गल्लीतल्या बायका आजही आधी धान्याचे डबे माळ्यावर चढवतात.

वर्गात मी हे शिकवायचो तेव्हा पोरांना एक प्रश्न हमखास विचारायचो : संकटाच्या वेळी जे यंत्र चालवायचं, ते संकटातच बंद पडणाऱ्या गोष्टीवर अवलंबून असावं का? पोरं एका सुरात 'नाही' म्हणायची. हा प्रश्न लक्षात ठेवा. पुढं आपल्या छतावर पुन्हा भेटणार आहे.

अंधाराची सुरुवातीची वर्षं

आपली सोसायटी नोंदली गेली २००० साली. रमणमळ्याच्या या बाजूला तेव्हा मोकळं रान जास्त आणि इमारती कमी होत्या. पहिले रहिवासी आले तेव्हा जाणत्या लोकांनी सांगितलं होतं, 'जागा झकास आहे, फक्त पावसाळ्यात पाण्याकडं लक्ष ठेवा.' २००५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये त्याची परीक्षा झाली. मुंबईच्या २६ जुलैची बातमी देशभर गाजली, पण त्याच दिवसांत कोल्हापूर-सांगलीही पाण्यात होतं. पाणी आपल्या फाटकापर्यंत येऊन थांबलं. थांबलं म्हणून आपण नारळ फोडला आणि विसरलो.

तो काळ खरं तर विजेच्या टंचाईचा. वीज मंडळाचं विभाजन होऊन २००५ मध्ये महावितरण झालं आणि आपण भारनियमनाचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवायला शिकलो. लिफ्टमध्ये शिरण्याआधी माणूस घड्याळ बघायचा. पंप चालवायची वेळ आणि लाईट जायची वेळ एकच आली की पहाटे जिन्यात बादल्यांची रांग लागायची. तेव्हाच्या सेक्रेटरींनी जिन्यासाठी एक इन्व्हर्टर आणून बसवला, तो आपल्या सोसायटीचा ऊर्जेच्या क्षेत्रातला पहिला प्रकल्प.

सिडनी शहरात २००७ साली लोकांनी तासभर दिवे बंद ठेवले आणि त्यातून 'अर्थ अवर' जगभर पसरला. मार्चच्या शेवटच्या शनिवारी रात्री साडेआठला दिवे मालवायचे. आपल्याकडे तो पाळायचा प्रस्ताव आला, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा म्हणाले होते, 'आम्ही रोज पाळतो की! सरकारच पाळायला लावतंय.' सगळे पोट धरून हसले. पण विचार केला तर त्या हसण्यात मुद्दा होता. विजेची बचत ही ज्याला वीज मिळते त्याची चैन असते. ज्याला ती भरवशाची मिळतच नाही, त्याला आधी भरवसा हवा असतो.

काय टिकलं, काय वाहून गेलं

या पंचवीस वर्षांत पर्यावरणाच्या नावानं गावात किती कार्यक्रम झाले याची मोजदाद नाही. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेनंतर ५ जून हा जागतिक पर्यावरण दिन झाला. १४ डिसेंबरला ऊर्जा संवर्धन दिन येतो, २००४ पासून २० ऑगस्टला अक्षय ऊर्जा दिवसही आला. शाहू स्मारक भवनात वसुंधरा चित्रपट महोत्सव झाले. राज्य सरकारनं २०१६ ला २ कोटी झाडांपासून सुरुवात केली आणि २०१९ पर्यंत आकडा ३३ कोटींवर नेला. २०२० च्या गांधी जयंतीला 'माझी वसुंधरा' अभियान आलं. भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश ही पंचमहाभूतं घेऊन गावांना गुण द्यायची कल्पना. आपल्या मुलांनी त्याची शपथही घेतली आणि प्रमाणपत्रं मोबाईलवर ठेवली.

मी कुठल्याही उपक्रमाची टिंगल करत नाही. पण इतिहास लिहायचा तर निकष लागतो. माझा निकष साधा आहे : कार्यक्रम झाल्यावर दुसऱ्या दिवशी काय शिल्लक राहिलं?

या निकषावर कोल्हापूरची दोन उदाहरणं मला फार मोठी वाटतात. पहिलं मूर्तिदानाचं. पंचगंगेत गणपती विसर्जन करायचं नाही, मूर्ती दान करायची, निर्माल्य वेगळं द्यायचं, हे सांगायला कार्यकर्ते घाटावर उभे राहिले तेव्हा त्यांना शिव्या खाव्या लागल्या. 'आमच्या देवाचं तुम्ही काय करणार?' हा प्रश्न खोटा नव्हता, श्रद्धेतून आलेला होता. पण कार्यकर्ते दर वर्षी येत राहिले, महापालिकेनं काहिली ठेवल्या, इराणी खणीत विसर्जनाची सोय झाली, आणि हळूहळू घरगुती गणपती त्या वाटेनं जाऊ लागले. आज आपल्या सोसायटीतली लहान पोरंच आईबापांना विचारतात, 'काहिलीत द्यायचा ना आपला बाप्पा?'

दुसरं उदाहरण होळीचं. 'होळी लहान करा, पोळी दान करा' ही चळवळ आपल्याला माहीत आहे. त्याच्या जोडीला कोल्हापुरात शेणीदान रुजलं. होळीत जाळायच्या शेणी तालमी-मंडळं पंचगंगा स्मशानभूमीला देतात. महापालिका तिथं अंत्यसंस्काराचा खर्च घेत नाही, सरणाला त्या शेणी लागतात. कोरोनाच्या काळात या शेणींची किंमत गावाला कळली. लाकूड वाचतं, झाड वाचतं, आणि गरिबाच्या घरी दुःखाच्या दिवशी पैशाची चिंता राहत नाही. कुणी याला हवामान कृती म्हणत नाही, पण ती तीच आहे. हा कार्यक्रम टिकला, कारण त्याला दर वर्षीचा दिवस ठरलेला आहे, काम ठरलेलं आहे, आणि वस्तू कुठं पोचवायची तो पत्ताही ठरलेला आहे.

उलट बाजूला पंचगंगेचं प्रदूषण. जयंती नाल्याचं सांडपाणी, खालच्या अंगाला उद्योगांचं पाणी, त्यावर मोर्चे, न्यायालयातली जनहित याचिका, कसबा बावड्याचा ७६ एमएलडीचा शुद्धीकरण प्रकल्प. एवढं होऊनही उन्हाळ्यात नदीवर फेस आणि मेलेले मासे दिसले की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर येतो. इथं एका दिवसाचा कार्यक्रम पुरत नाही, रोजची राखण लागते.

आणि हे गाव मनावर घेतलं तर काय करू शकतं ते ६ मे २०२२ ला आपण सगळ्यांनी पाहिलं. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी १० वाजता अख्खं कोल्हापूर १०० सेकंद जागेवर स्तब्ध उभं राहिलं. आपल्या वॉचमनपासून कामवाल्या मावशींपर्यंत सगळे फाटकाशी उभे होते. एकाच वेळी एकच गोष्ट करायची सवय या गावाला आहे. प्रश्न एवढाच की ती सवय आपण कशासाठी वापरतो.

२०१९ : पाणी घरात आलं

ऑगस्ट २०१९. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. धोका पातळीच्या वर बारा फूट! पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. प्रयाग चिखली, आंबेवाडीतली माणसं छपरावर होती. एनडीआरएफ आली, नौदल आलं, आपली व्हाईट आर्मी होतीच. गोकुळचं दूध संकलन थांबलं, पेट्रोल मिळेना, भाजी येईना. शिंगणापूर, बालिंग्याची पाणी उपसा केंद्रं बुडाली आणि चहूकडं पाणी असताना पिण्याच्या पाण्यासाठी टँकरमागं धावायची वेळ आली. सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ती बातमी ऐकली त्या रात्री आपल्या जिन्यात कुणी मोठ्यानं बोललं नाही.

आपल्याकडं पाणी फाटक ओलांडून पार्किंगमध्ये, तिथून तळमजल्याच्या घरांत आलं. जमिनीखालच्या टाकीत पुराचं आणि गटारीचं पाणी एक झालं. वीज आधीच बंद केली होती, ती करावीच लागते. मीटरची खोली तळाला असल्यानं सगळ्या इमारतीचे मीटर पाण्याखाली गेले. पाणी ओसरलं तरी वरच्या मजल्यांनाही कितीतरी दिवस अंधारात काढावे लागले. तळमजल्यावरच्या काकींना दम्याचा त्रास, त्यांना वाफेचं मशीन रोज लागायचं. त्यांना उचलून बोटीत बसवलं तेव्हा त्या म्हणाल्या, 'माझं मशीन घ्या आधी, आणि ते चालवायला लाईट कुठं आहे ते बघा.' त्या दिवशी आजारी माणसासाठी वीज म्हणजे श्वास असतो हे मला पुस्तकाबाहेर कळलं.

त्या दिवसांतलं एक चित्र मात्र स्मरणिकेत राहायला हवं. दसरा चौकाच्या परिसरात चित्रदुर्ग मठात, मुस्लिम बोर्डिंगमध्ये पूरग्रस्तांच्या राहण्याची सोय झाली. शाहू महाराजांनी जातीजातींच्या पोरांच्या शिक्षणासाठी या गावात बोर्डिंगं उभी केली, मुस्लिम बोर्डिंग १९०६ चं. शंभरहून अधिक वर्षांनी त्यातलंच एक पुरातल्या माणसांच्या कामी आलं. जी संस्था रोजच्या दिवसांत लोकांसाठी उघडी असते, तिचंच दार संकटात उघडतं. ऐन वेळी नवी संस्था उभी करता येत नाही. पुढच्याच महिन्यात गणेशोत्सव आला तेव्हा कितीतरी मंडळांनी डामडौल टाळून वर्गणी पूरग्रस्तांकडं वळवली.

पूर का आला यावर पुढं खूप चर्चा झाली. सरकारनं नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमली. घाटावर थोड्या दिवसांत कोसळलेला विलक्षण पाऊस, नदीपात्रातले अडथळे, पूररेषेतली बांधकामं, हे सगळे मुद्दे पुढं आले. अलमट्टीचा वाद तर अजून चालूच आहे. धरणाची उंची ५१९ वरून ५२४ मीटर करण्याला आपल्या दोन्ही जिल्ह्यांचा विरोध आहे. त्या वादाचं काय व्हायचं ते दोन राज्यं आणि न्यायालय बघतील. आपल्या हातातली गोष्ट म्हणजे पूररेषा. निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. पण तापणाऱ्या हवेत बाष्प जास्त मावतं, पाऊस कमी दिवसांत जास्त पडतो, हे शास्त्रज्ञ सांगतायत. मग शंभर वर्षांतून एकदा म्हणजे 'आता शंभर वर्षं निवांत' असा अर्थ काढता येत नाही. आपण तर तो दोनच वर्षांत खोटा ठरताना पाहिला.

मीटरच्या खोलीची सभा

आपल्या सोसायटीच्या इतिहासात सगळ्यात महत्त्वाचा पर्यावरण कार्यक्रम कुठला, असं कुणी विचारलं तर मी वृक्षारोपण सांगणार नाही. पुरानंतर झालेली ती वार्षिक सर्वसाधारण सभा सांगेन.

विषय होता मीटर वरच्या लँडिंगवर हलवायचे, जमिनीखालच्या टाकीचं झाकण पाणी शिरणार नाही असं करायचं आणि पंप ओट्यावर चढवायचा. खर्च मोठा होता. वरच्या मजल्यावरचे काही सभासद म्हणाले, 'पाणी तळमजल्यात येतं. त्यांनी घर घेतानाच बघायला हवं होतं. आम्ही का वर्गणी द्यायची?' आवाज चढले. शेजारी शेजाऱ्याशी बोलेना अशी वेळ आली. पंचवीस वर्षांत ही सोसायटी फुटायला इतकी जवळ कधी आली नव्हती, हे आज लिहायला हरकत नाही.

तेव्हा तळमजल्यावरच्या काकी उठल्या. त्या सभेत कधी बोलत नसत. म्हणाल्या, 'मी एकोणीस वर्षं लिफ्टचे पैसे भरतेय. मला लिफ्ट कशाला लागते? एकदा तरी विचारलं का मी?' बस्स. सभागृह गप्प झालं. आदर्श उपविधीत लिहिलंच आहे की लिफ्टच्या देखभालीचा खर्च इमारतीतल्या सगळ्यांनी सारखा सोसायचा, वापरा अथवा वापरू नका. हे कलम आपण सगळे जाणत होतो, पण त्यामागचा अर्थ काकींनी सांगितला. सहकार म्हणजे 'मला काय उपयोग' हा हिशेब नाही. तुझ्या चढणीचा खर्च मी उचलतो, माझ्या पाण्याचा तू उचल. ठराव मंजूर झाला. एकमतानं नाही, बहुमतानं. पण ज्यांनी विरोधात हात वर केला, त्यांनीही पहिल्याच महिन्यात वर्गणी भरली. त्यांचाही मान या लेखात राखलाच पाहिजे.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा चढली. या वेळी पाऊस दोन-तीन दिवसांतच कोसळला, तेच दिवस चिपळूणच्या पुराचे आणि तळियेच्या दरडीचे. राजाराम बंधाऱ्यावर ५६ फुटांच्या वर नोंद झाली, म्हणजे २०१९ पेक्षाही जास्त. पाणी आपल्या पार्किंगमध्ये आलंच. पण मीटर कोरडे होते. टाकी स्वच्छ राहिली. पुरवठा सुरू झाल्याबरोबर आपली इमारत उजळली आणि पहिल्याच संध्याकाळी पंप चालला. आजूबाजूच्या इमारतींतली माणसं हंडे घेऊन आपल्याकडं पाणी भरायला आली. त्या रांगेत सभेत सगळ्यांत जास्त भांडलेले गृहस्थच प्रत्येकाचा हंडा उचलून देत होते.

छतावरचं ऊन

आता शेवटचा भाग, ज्याच्यावर अजून निर्णय व्हायचाय.

आपल्या राज्यात २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे नियम आले. छतावर तयार झालेली वीज जास्त झाली तर ती जाळ्यात सोडायची, बिलातून वजा करून घ्यायची. पण आपल्यासारख्या सोसायट्यांनी मनावर घेतलं ते २०२४ च्या 'पीएम सूर्यघर' योजनेनंतर. घरगुती जोडणीला ३ किलोवॅट किंवा त्याहून जास्त बसवलं तर ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान, आणि सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये. साधारण हिशेब असा की एका किलोवॅटला सुमारे १०० चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर दिवसाला चार युनिटच्या आसपास वीज मिळते. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये भरपूर. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या बिलाचा मोठा भाग त्यातून निघतो. आपल्या छतावर आज पॅनेल आहेत आणि सामाईक बिल बघून खजिनदार खूश आहेत.

पण बहुतेक सभासदांची अशी समजूत झालीय की पुन्हा पूर आला, लाईट गेली, तरी आपली लिफ्ट उन्हावर चालेल. तसं होणार नाही. जाळ्याला जोडलेली साधी सौर यंत्रणा जाळ्यातली वीज गेली की स्वतःहून बंद पडते. हा बिघाड नव्हे, ती सुरक्षेची सोय आहे. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला 'लाईन बंद आहे' असं वाटत असताना आपल्या छतावरची वीज त्याच्या हातात जाईल. म्हणजे ऊन डोक्यावर आणि इमारत अंधारात, असं चित्र दिसू शकतं.

इथं तो वर्गातला प्रश्न पुन्हा येतो. संकटात चालवायचं यंत्र संकटातच बंद पडणाऱ्या गोष्टीवर अवलंबून असावं का? शंभर वर्षांपूर्वी आखलेल्या धरणाचे दरवाजे विजेविना उघडतात. आपल्याला निदान दोन दिवे, एक मोबाईल चार्ज करायची जागा आणि एखाद्या आजारी माणसाचं मशीन, एवढं तरी विजेविना राहून चालणार नाही. त्यासाठी सगळी इमारत बॅटरीवर न्यायची गरज नाही. हायब्रिड इन्व्हर्टर आणि छोटी बॅटरी पहिल्या मजल्याच्या वर बसवली, तिच्यावर जिन्यातले दिवे आणि एक 'औषधाचा प्लग' ठेवला, तर पुरे. तो प्रस्ताव पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे. पूर सहसा ढगाळ दिवसांतच येतो, त्यामुळे बॅटरी हळू भरेल हेही आधीच सांगून ठेवतो. म्हणूनच तिच्यावर काय चालवायचं आणि काय नाही ते आताच ठरवायला हवं.

काही जण म्हणतील, पाण्याचा प्रश्न आता मिटलाय. काळम्मावाडीची थेट पाईपलाईन २०२३ च्या दिवाळीत आली. आनंदच आहे, कित्येक वर्षांचं आंदोलन फळाला आलं. पण तिचे पंपही विजेवरच चालतात. वीज आणि पाणी हे आपल्या घरात एकाच नळातून येतं असं समजायला हरकत नाही.

पुढच्या स्मरणिकेसाठी

पन्नासाव्या वर्षी कुणीतरी असाच लेख लिहील. तोवर मी नसेन, पण त्या लेखकासाठी चार गोष्टी शिल्लक राहाव्यात असं वाटतं.

एक, जिन्याच्या भिंतीवर पुराच्या खुणा रंगवूया. २०१९ ची वेगळी, २०२१ ची वेगळी, शेजारी राजाराम बंधाऱ्याची त्या दिवशीची पातळी. नवा भाडेकरू आला तरी त्याला विचारावं लागू नये.

दोन, दर वर्षी ५ जूनला रोप लावाच, पण त्याच दिवशी टाकीचं झाकण, पंपाचा ओटा आणि बॅटरी तपासून वहीत सही करूया. शेणीदानासारखं : दिवस ठरलेला, काम ठरलेलं.

तीन, सूचनाफलकावर एक यादी असू दे. कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कोणाला रोज इंजेक्शन लागतं, कोणाला मशीन लागतं, आणि पाणी ३९ फुटांना आलं की त्यांच्याकडं कोणी जायचं. नावं फलकावर नकोत, घर क्रमांक पुरे.

चार, ज्या घरात पाणी येतं त्याला 'तुमचा प्रश्न' असं पुन्हा कधी म्हणायचं नाही.

काकी आता आपल्यात नाहीत. त्यांच्या घरात नवं जोडपं आलंय, त्यांचं तान्हं बाळ आहे. त्या घराचा क्रमांक यादीत पहिला लिहावा, अशी माझी समितीला विनंती आहे. सभा येत्या रविवारी सकाळी दहाला, पार्किंगमध्ये. वेळेवर या, आणि येताना वरच्या मजल्यावरच्यांनाही घेऊन या.